क्लाउडवरील दप्तराचा बॅकअप : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या कार्यालयातील एक सहकारी नोकरी सोडून गेल्यावर त्यांचे गूगल वर्कस्पेसचे खाते आम्ही काढून टाकले. त्याला महिना झाला. आता त्यांचा जुना पत्रव्यवहार हवा आहे. मिळेल का?

उत्तर : त्या खात्यातून मिळणार नाही, कारण काढून टाकलेले खाते अ‍ॅडमिनला २० दिवसांच्या आतच पूर्ववत करता येते. ड्राइव्हमधील फाइलींची मालकी तेव्हा कोणाकडे सोपवली होती का, हे मात्र पाहावे. मेलसाठी इतर सहकाऱ्यांच्या इनबॉक्समधील प्रती धुंडाळाव्या लागतील. यापुढे खाते आधी स्थगित ठेवावे, त्यातील डेटा उतरवून घ्यावा आणि मगच ते काढावे. स्थगित खात्याचेही शुल्क द्यावे लागते, पण ते परवडते.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हिशेब आठ वर्षे जपायचे असल्याने गूगल व्हॉल्टमध्ये (वर्कस्पेसमधील डेटा जपण्याच्या सोयीत) तेवढ्या मुदतीचा रिटेन्शनचा, म्हणजे डेटा राखून ठेवण्याचा नियम लावला आहे. तरीही वेगळा बॅकअप हवा का?

उत्तर : हवा. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ आर्थिक वर्षांची मुदत आपण बरोबर धरली आहे. परंतु व्हॉल्टचे काम डेटा नष्ट होऊ न देणे, तो शोधणे आणि निर्यात करणे एवढेच आहे. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या घातक प्रोग्रामने) कुलूपबंद केलेले फोल्डर कालच्या स्थितीत, त्याच जागी आणि त्याच परवानग्यांसह परत बसवणे हे बॅकअपचे काम आहे. शिवाय हिशेबपुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन २०२२च्या नियमदुरुस्तीने घातले आहे, आणि ते व्हॉल्टने पुरे होत नाही.

नियम लावताना एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे. मुदत संपल्यावर केवळ वापरकर्त्याने हटवलेला डेटा पुसायचा की त्याच्या खात्यात असलेला सगळाच, असा पर्याय तेथे असतो. दुसरा पर्याय निवडून मुदत चुकून कमी टाकली, तर जुने मेल कोणाला न विचारता कायमचे जातात. म्हणून असा नियम आधी चाचणीच्या एखाद्या खात्यापुरता लावून पाहावा.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट ३६५साठी बॅकअप किती वेळा घ्यावा आणि किती काळ ठेवावा?

उत्तर : वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंट या त्यातील फाइली ठेवण्याच्या सेवांच्या रिसायकल बिनमध्ये फाइल ९३ दिवस राहते. कायमचा हटवलेला मेल मात्र मुळात १४ दिवसच परत मिळतो. ही मुदत अ‍ॅडमिनने ३० दिवसांपर्यंत वाढवून घ्यावी. किती तासांचे काम पुन्हा करणे आपल्याला झेपेल, यावरून बॅकअपची वारंवारता ठरते. लहान कार्यालयाने दिवसातून दोनदा बॅकअप घ्यावा, रोजच्या प्रती ९० दिवस, महिनाअखेरच्या वर्षभर आणि वार्षिक प्रत आठ वर्षे ठेवावी, असे माझे मत आहे. वार्षिक प्रत ३१ मार्चला घेऊन थांबू नये, कारण ताळेबंदाच्या नोंदी ऑडिट संपेपर्यंत चालूच असतात. बॅकअपचा अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र मूळ सेवेच्या पासवर्डहून वेगळा असावा.

प्रश्न : बॅकअप यशस्वी झाल्याचा मेल रोज येतो. तेवढे पुरे आहे का?

उत्तर : नाही. दर तिमाहीला एक मेलबॉक्स आणि एक सामायिक फोल्डर वेगळ्या जागी रिस्टोअर करून फाइली उघडतात का, हे तपासावे आणि त्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा.