‘ओळखलंत का?’ असं विचारू नकोस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. जर्मनीतलं बांबेर्ग, लहानपणी बाबांच्या कामामुळे तुम्ही महिनोन्महिने राहिलात ते घरगुती हॉटेल, मालकीणबाई ज्यांना तू ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणायचीस, त्यांचा मुलगा-सून आणि बटाट्याचे ते गोळे. ‘काकू, सापडतील का हो ती माणसं?’ असं विचारलंस. बहुतेक सापडतील. मला काळजी वेगळीच आहे. सापडल्यावर तू त्यांना पहिलं वाक्य काय लिहिणार?

मी पंचवटीत सासऱ्यांच्या काळापासूनचं लॉज चालवते, म्हणजे काउंटरच्या त्या बाजूची आहे. जुने पाहुणे येतात आणि हसत विचारतात, ‘ओळखलंत का?’ आम्ही ‘हो हो, या ना’ म्हणतो आणि मनातल्या मनात खोल्या धुंडाळतो. आम्हाला चेहरे फारसे आठवत नाहीत, भानगडी आठवतात. कोणाला मध्यरात्री ताप चढला, कोणाची पिशवी रामकुंडावर राहिली, कोणाला पाठीमागच्या खोलीतच झोप लागायची. 2003 च्या सिंहस्थात सगळ्या खोल्या भरल्यावर अमरावतीकडचं एक कुटुंब आमच्या जिन्याखाली सतरंजी टाकून झोपलं होतं. 2015 ला त्यांचा मुलगा आला. नाव सांगितलं, काही उजेड पडेना. ‘आम्ही जिन्याखालचे’ म्हणाला, तशा सासूबाई आतून तरातरा बाहेर आल्या.

म्हणून तुझ्या पत्रात भावना शेवटी येऊ देत. आधी साल, महिना, कितवा मजला, बाबा कुठल्या कंपनीच्या कामाला आले होते, आणि एखादी अशी गोष्ट जिचा त्यांना तेव्हा व्याप झाला असेल. ओमा तुमच्यासाठी मांस न घालता वेगळा रस्सा करायच्या, असं तूच लिहिलंयस. ते पहिल्या चार ओळींत हवं. तिकडच्या स्वयंपाकघरात महिनोन्महिने बिनमांसाचं रांधायचं म्हणजे त्यांच्यासाठी चांगलीच भानगड असणार. तीच त्यांना आठवेल, तुझे दोन शेपटे नाहीत.

आता शोधाचं. सुरुवात घरातून कर. बाबा सातपूरच्या मायकोतून डेप्युटेशनवर गेले होते ना? (कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, पण आपल्या तोंडातून मायको जात नाही.) मग हॉटेलचं बिल त्यांनी क्लेमला लावलं असणार आणि बाबांच्या पिढीने झेरॉक्स काढून ठेवली नाही असं होत नाही. कपाटावरच्या फायली काढायला लाव. बिलावर मालकाचं पूर्ण नाव मिळण्याची शक्यता मोठी. फोटोंच्या पाठीमागेही बघ. आई तारखा लिहायची.

हॉटेल अजून चालू असेल आणि त्याची वेबसाइट असेल, तर तिच्या अगदी तळाशी ‘इम्प्रेसुम’ नावाचं पान असतं. चालवणाऱ्याचं नाव-पत्ता तिथे देणं जर्मनीत कायद्यानेच बंधनकारक आहे. आडनाव तेच निघालं तर अर्धं काम झालं. वेगळं निघालं तर नव्या मालकांना लिही, पण जुन्यांचा पत्ता मागू नकोस. ‘माझं सोबतचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचवाल का?’ एवढंच विचार. आमच्याकडे कोणी जुन्या भाडेकरूचा नंबर मागितला तर मी देत नाही, निरोप मात्र देते. तिथले लोक तर या बाबतीत आपल्यापेक्षा कडक.

व्यापारी नोंदवहीही तिकडे ऑगस्ट 2022 पासून ऑनलाइन फुकट बघता येते. पण छोटा धंदा एकाच माणसाच्या नावावर असला तर तो तिच्यात असेलच असं नाही, तेव्हा तिथे फार वेळ घालवू नकोस.

आणखी एक वाट आहे, ती मुद्दाम शेवटी सांगते. पूर्ण नाव आणि जुना पत्ता ठाऊक असेल तर तिथल्या रहिवासी नोंदणी कार्यालयाला फी भरून सध्याचा पत्ता विचारता येतो. माणूस हयात नसेल तर तेही कळतं. हे सगळं कायदेशीर आहे. तरी मला ते पटत नाही. वीस वर्षांनी आलेलं प्रेमाचं पत्र आणि त्यामागे सरकारी चौकशी, हे कुणालाही खटकेल. बाकी सगळं थकलं तरच.

फेसबुकवर तो फोटो टाकून ‘यांना कोणी ओळखतं का’ मात्र करू नकोस. फोटोत त्यांची नातवंडंही आहेत. ती आता तुझ्याएवढी झाली असतील आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

हॉटेलच्या जुन्या नोंदींत तुमचं नाव असेल ही आशाही सोड. आपल्याकडे रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळी काढून पणजोबांची सही दाखवतात. तिकडे उलटं आहे. परदेशी पाहुण्यांचा नोंदणी फॉर्म एक वर्ष ठेवायचा आणि पुढच्या तीन महिन्यांत नष्ट करायचा, असा आजचा कायदा आहे. म्हणजे त्या मुक्कामाचा पुरावा बहुतेक तुमच्याकडेच उरलाय. फोटोच्या छान प्रती काढून पत्रासोबत पाठव. ओमांचा त्या वयातला फोटो त्यांच्या घरातही नसेल, काय सांगावं.

पत्र कागदावरच लिही, जर्मनमध्ये, एका पानात. मोबाइलवर भाषांतर केलंस तरी जर्मन शिकलेल्या कोणाला तरी दाखव. गंगापूर रोडला जर्मनचे क्लास लावलेली पोरं हवी तितकी भेटतील. मुलगा-सुनेला आदरार्थीच संबोध. लहानपणी तू त्यांच्या मांडीवर बसली असशील, पण आता तू एक अनोळखी बाई आहेस. शेवटी ईमेल दे आणि ‘उत्तर दिलं नाहीत तरी चालेल’ असं स्पष्ट लिही. नुसतं लिहू नकोस, तुला ते खरंच चालू दे.

कारण हेही होऊ शकतं: ओमा गेलेल्या असतील, हॉटेलचे फ्लॅट झाले असतील, मुलाला तुम्ही आठवतच नसाल. तुझं ते अख्खं बालपण होतं, त्यांचा तो एक सीझन होता. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण तुला वाटेल, म्हणून आधीच सांगितलं.

आणि उत्तर आलं, ‘या’ म्हणाले, तर खोली रीतसर बुक कर आणि पैसे दे. त्यांनी नको म्हटलं तर तो त्यांचा मान. गृहीत धरलेला पाहुणा कुठल्याही हॉटेलवाल्याला जड जातो, हे मी शपथेवर सांगते. आठवड्याचा सुट्टीचा दिवस आधी बघ. तिकडची घरगुती हॉटेलं एखादा दिवस बंद असतात आणि त्या दिवशी दार वाजवलेलं त्यांना आवडत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात गावात सांडकेर्वाची जत्रा असते, तेव्हा तर जाऊच नकोस. कुंभात कोणी माझ्याशी निवांत गप्पा मारायला आलं तर मी काय करीन, विचार कर. पेढे, कलाकंद नेऊ नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. भांडी बाजारातून पितळेची एखादी लहान समई घे. मी येते सोबत, तुला भाव करता येत नाही.

पत्राचा मसुदा मराठीतच आधी मला दाखव. आणि बिल सापडलं की फोन कर. रविवारी सकाळी नको, तेव्हा काउंटरवर मान वर करायला फुरसत नसते.

तुझी,
पंचवटीची काकू