दुसऱ्याच्या व्हॉइसमेलला बटण लावायचंय

प्रश्न: सर नमस्कार. आमचं ऑफिस आडगाव नाक्याजवळ आहे, द्राक्ष एक्स्पोर्टचं, मी डॉक्युमेंटेशन बघते. नऊ आयपी फोन आहेत, येलिंक टी46, मागे फ्रीपीबीएक्स (फोन चालवणारी सर्व्हरवरची सिस्टिम). सीझनला सगळे एकतर पॅकहाउसवर नाहीतर बागेत, टेबलावर कोणी नसतं आणि रॉटरडॅमचे बायर नेमके संध्याकाळी फोन करतात, ते सगळं व्हॉइसमेलला जातं. सकाळी आल्या आल्या मला सहा जणांचे मेसेज ऐकायचे असतात, दर वेळी *98 (व्हॉइसमेलचा कोड), मग एक्स्टेंशन, मग पिन. सहा पिन चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवलेत. प्रत्येकाच्या बॉक्सचं एकेक बटण करता येईल का? आणि मेसेज आला की त्या बटणावर लाल लाइट लागेल का? मी बीएलएफ नावाचा बटणाचा प्रकार लावून बघितला, लाइट लागतो पण मेसेज काही नसतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ती चिठ्ठी फाडा, बाकीचं मग बोलू.

बायर संध्याकाळीच का फोन करतात तर हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तुमचे सात वाजतात तेव्हा त्यांचे अडीच, जेवून नुकते टेबलावर आलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर पुढे सरकलं की फरक साडेतीन तासांचा. म्हणजे तुमचा सीझन आणि त्यांची दुपार यांचं काही जमणार नाही, व्हॉइसमेल येतच राहणार.

आता बटण. हे अगदी सोपंय. फोनवरचं ओके दाबलं की फोनचा आयपी नंबर दिसतो, तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा (पासवर्ड अजून अॅडमिन-अॅडमिनच असेल तर तोही आजच बदला), आणि डीएसएस कीच्या, म्हणजे बटणं ठरवायच्या, पानावर जा. तिथे एक मोकळी लाइन की घ्या, टाइप स्पीड डायल ठेवा, व्हॅल्यूमध्ये *98204 असं सलग टाका (204 म्हणजे समजा त्या माणसाचं एक्स्टेंशन), लेबलला त्या माणसाचं नाव, लाइन 1, कन्फर्म. *98 च्या पुढे लगेच एक्स्टेंशन जोडलं की सिस्टिम बॉक्स नंबर विचारत बसत नाही, थेट 204 चा पिन मागते. टी46 ला स्क्रीनच्या बाजूला 10 बटणं असतात आणि पानं उलटून 27 पर्यंत जागा मिळते, तेव्हा सहा सहज बसतील. टी31 सारखा छोटा सेट असता तर दोनच बटणं, मग हा विषयच संपला असता. एक लक्षात ठेवा, फोनचं सेटिंग सर्व्हरवरून आपोआप येत असेल तर हाताने लावलेली बटणं पुढच्या अपडेटला उडू शकतात, म्हणून तुमच्या सिस्टिमवाल्याला ती तिथेच टाकायला सांगा.

बीएलएफचा गोंधळ तुमचा एकटीचा नाही, दहातले आठ जण इथेच अडकतात. बीएलएफ म्हणजे समोरचा फोनवर बोलतोय का, त्याचा फोन वाजतोय का, एवढंच. मेसेजशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुम्हाला लाल दिसला तेव्हा तुमचे साहेब गप्पा मारत होते, बस. मेसेज आहे की नाही हे सांगणारी खबर वेगळी असते, सर्व्हर ती फोनला वेगळी पाठवतो आणि त्यावर सेटच्या डोक्यावरचा मोठा लाल दिवा लागतो. हा दिवा एकापेक्षा जास्त बॉक्सवर लावता येतो. फ्रीपीबीएक्समध्ये तुमच्या एक्स्टेंशनच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये मेलबॉक्स म्हणून एक रकाना आहे, तिथे तुमच्या बॉक्सपुढे स्वल्पविराम देऊन बाकीचे बॉक्स लिहायचे. अॅटच्या खुणेनंतर (@) जे काही आधीपासून लिहिलेलं असेल तेच पुढच्या प्रत्येकाला लावायचं, मनाने काही घालायचं नाही, नाहीतर दिवा लागणारच नाही आणि तुम्ही मला शिव्या घालाल. म्हणजे सहापैकी कोणाच्याही बॉक्सला नवीन मेसेज आला तरी तुमचा दिवा लागेल, कोणाचा ते मात्र बटणं दाबूनच कळेल.

पिनशिवाय बॉक्स उघडता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या आठवड्यात विचाराल. येतं. फ्रीपीबीएक्सच्या पोटात अॅस्टेरिस्क हे फोनचं मूळ सॉफ्टवेअर चालतं, त्यात बॉक्स उघडणारी जी कमांड आहे तिला एक एस हे अक्षर जोडलं की ती पिन मागत नाही. पण मग ऑफिसातला कोणीही, अगदी वॉचमनच्या फोनवरूनही, तो कोड फिरवून कोणाचाही बॉक्स ऐकू शकतो. करायचंच असेल तर सिस्टिमवाल्याकडून सर्व्हरच्या कस्टम फाइलमध्ये कोडच्या आधी एक अट टाकून घ्या की फोन तुमच्या एक्स्टेंशनवरून, समजा 201 वरून, आला असेल तरच पुढे जा, नाहीतर ठेवून दे.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यामुळे मी हे उत्तर एवढं लांबवतोय. काही वर्षांपूर्वी सातपूरला एका कारखान्यात मी हेच करून दिलं होतं, रिसेप्शनच्या फोनवर पाच बटणं, पिनशिवाय, सगळे खूश, मला समोसा-चहा मिळाला. आठवड्याने परचेसच्या माणसाचा फोन, आवाज चढलेला. झालं असं की एका सप्लायरने त्याच्या बॉक्समध्ये मेसेज ठेवला होता की ट्रक उद्या नाही परवा येईल, रिसेप्शनच्या बाईंनी सकाळी तो ऐकला, कागदावर लिहिला, तो कागद चहाच्या कपाखाली गेला आणि कपासोबत बेसिनमध्ये. परचेसवाल्याने फोनकडे बघितलं तर दिवा बंद. दिवा बंद म्हणजे मेसेज नाही, तो निवांत, आणि गेटवर चार मजूर दिवसभर बिडी ओढत बसलेले. चूक बाईंची नव्हती, माझी होती. अॅस्टेरिस्कमध्ये मेसेज एकदा ऐकला की तो आपोआप जुन्या फोल्डरमध्ये जातो आणि दिवा विझतो, ऐकणारा मालक आहे की शेजारी हे सिस्टिमला कळत नाही.

त्यामुळे दुसऱ्याचा मेसेज ऐकलात तर ठेवायच्या आधी 9 दाबा, सिस्टिम विचारेल कुठल्या फोल्डरमध्ये, तिथे 0 दाबा, म्हणजे तो परत नवीन म्हणून राहतो आणि मालकाचा दिवा पेटलेला राहतो. आधी आपल्याच बॉक्सवर एकदा करून बघा. 7 चुकूनही दाबू नका, 7 म्हणजे डिलीट, आणि 7 नि 9 एकाच ओळीत असतात, अंगठा घसरायला वेळ लागत नाही.

पण मला विचाराल तर लोकांच्या बॉक्समध्ये शिरूच नका. ते 9-0 रोज सकाळी सहा वेळा तुम्ही करणार नाही, मीही केलं नसतं. सीझनपुरता एक वेगळा बॉक्स काढा, समजा 250, आणि फ्रीपीबीएक्समध्ये व्हॉइसमेल ब्लास्टिंग म्हणून एक प्रकार आहे, त्यात 250 आणि बाकीच्या सहा जणांचे बॉक्स टाकून बायरच्या नंबरवरचा न उचललेला फोन तिकडे वळवा. एकच मेसेज सगळ्यांच्या बॉक्समध्ये वेगवेगळा पडतो, तुम्ही 250 मधला ऐकला, पुसला, काहीही केलंत तरी साहेबांच्या बॉक्सला धक्का लागत नाही, त्यांचा दिवा त्यांचा. सहाच्या ऐवजी एक बटण, एक पिन, तोही तुमचाच. दुसरा रस्ता म्हणजे बॉक्सच्या सेटिंगमध्ये ईमेलला जोडणी चालू करून पत्ता ग्रुप मेलचा द्यायचा, मग आवाजाची फाइल मेलला येते, पॅकहाउसवाला माणूस मोबाइलवर ऐकतो आणि बॉक्समधला मेसेज न ऐकलेलाच राहतो. फक्त तिथे मेल गेल्यावर डिलीट करायचा एक पर्याय असतो तो बंद ठेवा.

प्रश्न: आमच्या अंबडच्या कंपनीत अवाया आयपी ऑफिस ही फोन सिस्टिम आहे. सेल्सच्या चौघांचा एक ग्रुप आहे, ग्रुपचा व्हॉइसमेल वेगळा आहे पण त्यात मेसेज आलेला कोणालाच कळत नाही, आठ-आठ दिवस पडून असतात. *17 (व्हॉइसमेलचा कोड) लावलं तर ज्याचा त्याचाच बॉक्स उघडतो.

उत्तर: दादा, हे पाच मिनिटांचं काम आहे पण मॅनेजर सॉफ्टवेअरमधून, फोनवरून नाही. प्रत्येक युझरच्या सेटिंगमध्ये सोर्स नंबर्स नावाची यादी असते, तिथे इंग्रजी एच आणि त्याला चिकटून ग्रुपचं नाव लिहायचं, मध्ये जागा न सोडता. मग ग्रुपला मेसेज आला की त्या युझरच्या फोनवर खबर जाते. चौघांनाही लावलंत तर चौघेही म्हणतील दुसऱ्याने ऐकला असेल. दोघांनाच लावा, आणि कोणाची पाळी ते ठरवून टाका. त्याच यादीत व्ही ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील, त्या नंबरांवरून तो बॉक्स कोड न देता उघडतो, तिथे मालकाच्या स्वतःच्या नंबराशिवाय भलताच कोणाचा नंबर दिसला तर आधी विचारा तो का आहे.

प्रश्न: माझे ऑफिसमधले मेसेज कोणीतरी ऐकतंय असा संशय आहे. न ऐकलेले मेसेज जुन्यात दिसतात. बॉसला विचारायची हिंमत नाही. काय करू?
– नाव नको, कॉलेज रोड

उत्तर: वरचं पहिलं उत्तर वाचलंत तर संशय खरा आहे हे तुमचं तुम्हालाच कळलं असेल, न ऐकलेला मेसेज आपोआप जुना होत नाही. पिन बहुतेक एक्स्टेंशनचाच आकडा असेल, किंवा 1234. इंग्लंडमध्ये एका मोठ्या रविवारच्या पेपरच्या लोकांनी असेच न बदललेले पिन वापरून लोकांचे व्हॉइसमेल ऐकले होते, 2011 च्या जुलैमध्ये तो पेपरच बंद करावा लागला, आणि तुम्ही अजून 1234 वर बसलाय. तुमच्याकडेही अॅस्टेरिस्क असेल, आणि तशी शक्यता बरीच आहे, तर *97 (स्वतःच्या बॉक्सचा कोड) लावा, आत गेल्यावर 0, मग 5, नवीन पिन टाका. गाडीचा नंबर नको, सगळ्यांना पार्किंगमध्ये दिसतो.

याने शेजारी थांबतील. सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे तो थांबणार नाही, कारण मेसेज तिथे साध्या आवाजाच्या फाइली म्हणून पडलेले असतात, त्याला पिन लागतच नाही. कायद्याचं म्हणाल तर 2000 च्या आयटी अॅक्टचं कलम 43 मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरण्याबद्दल आहे, आणि तेच लबाडीने केलं तर कलम 66 ने तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ऑफिसच्या सिस्टिमचा मालक कंपनीच असते, म्हणून बॉसने ऐकलं असेल तर हे कलम घेऊन भांडायला जाण्याआधी वकिलाला दाखवा. तोवर बँकेचे आणि घरचे फोन मोबाइलवर घ्या, आणि पिन बदलल्यावर आठवडाभर बघा जुन्यात परत काही सरकतंय का. सरकलं तर शेजारचं टेबल नाही, सर्व्हरची खोली.