युरोपातून बातमी का उघडत नाही?

प्रश्न : मी जर्मनीत शिकते. अमेरिकेतल्या एका छोट्या दैनिकाची बातमी उघडली, की ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं, सोबत ४५१ हा आकडा. माझ्या लॅपटॉपमध्ये बिघाड आहे का?

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे. ४५१ म्हणजे ‘कायदेशीर कारणामुळे अनुपलब्ध’. आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, तुम्ही युरोपात आहात हे सर्व्हरला कळतं. तिथे २५ मे २०१८ पासून जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपणारा युरोपीय संघाचा कायदा, लागू आहे आणि युरोपीय संघातल्या लोकांना सेवा देणाऱ्या किंवा त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो बांधतो. दंड दोन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यातली मोठी रक्कम, इथपर्यंत जाऊ शकतो.

कायदा लागू झाला त्या दिवशी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ने युरोपीय वाचकांना सरळ दार लावलं. ‘यूएसए टुडे’ने मात्र वाचकाचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट (पानात दडलेले छोटे प्रोग्राम) वगळून वेगळी आवृत्ती दिली, आणि ती कितीतरी झरझर उघडायची! एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओने अटी नाकारणाऱ्यांना नुसता मजकूर दिला. म्हणजे मनात असेल तर जमतं. वाचकाचा माग काढता येत नाही म्हणून बातमीच द्यायची नाही, हे मला मुळीच पटत नाही.

छोट्या दैनिकाकडे वकिलाचा खर्च नसतो, हेही खरंच. संपादकांना ईमेल करून साध्या मजकुराची आवृत्ती मागून पाहा.