शंभर शेअर्स, पन्नास डॉलर
वाचकांचे प्रश्न : क्रूझच्या सवलती

सुट्टीच्या अंकातल्या क्रूझवरच्या लेखात एक ओझरते वाक्य होते : ‘कंपनीचे शेअर्स असतील तर जहाजावर खर्चायला पैसे मिळतात.’ त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. निवडक प्रश्न आणि उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या आयआरए (अमेरिकेतल्या निवृत्तीच्या बचतीच्या) खात्यात कार्निव्हलचे 120 शेअर्स आहेत. उन्हाळ्यात आम्ही प्रिन्सेसच्या जहाजाने सात दिवस अलास्काला जातोय. शेअर्स कार्निव्हलचे आणि जहाज प्रिन्सेसचे, मग काही मिळेल का? (न्यू जर्सी)

मिळेल. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कुनार्ड, सीबोर्न, कोस्टा, आयडा आणि ब्रिटनची पी अँड ओ या सगळ्या कार्निव्हल कॉर्पोरेशनच्याच घरातल्या. शेअर एका नावाचा, जहाज दुसऱ्या नावाचे असले तरी चालते. अट किमान 100 शेअर्सची आहे. 120 असोत की 1,200, रक्कम तीच. डॉलरमध्ये तिकीट विकणाऱ्या जहाजांवर 6 दिवसांपर्यंत 50 डॉलर, 7 ते 13 दिवसांना 100 आणि 14 दिवस किंवा जास्त असतील तर 250. पौंडांत हेच आकडे 30, 60, 150 आणि युरोत 40, 75, 200 असे आहेत. तुम्हाला 100 डॉलर मिळतील, आणि तेही केबिनमागे, माणशी नव्हे.

शेअर्स आयआरएमध्ये आहेत म्हणून अडत नाही. कंपनीला हवा असतो तो ब्रोकरचा ताजा उतारा : त्यावर मिस्टरांचे नाव, शेअरचे नाव, संख्या आणि तारीख दिसली पाहिजे. खाते क्रमांक काळा करून पाठवायचा. बाकीची गुंतवणूकही झाकली तरी हरकत नाही. सोबत जहाजाचे नाव, सफरीचा क्रमांक, निघण्याची तारीख आणि बुकिंग क्रमांक. कार्निव्हलची अट निघण्याच्या किमान 3 आठवडे आधी अर्ज करण्याची आहे. अर्जाचा पत्ता कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर असतो. तिकिटाच्या फोन नंबरवर विचारलेत तर पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा या योजनेची गंधवार्ता नसते.

योजनेला कायमचा शब्द नाही. कार्निव्हल तिची मुदत वाढवत आली आहे. तेव्हा दोन वर्षांनंतरच्या सफरीचा हिशेब मांडताना हे 100 डॉलर त्यात धरू नका.

प्रश्न : रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनचेही हेच दर आहेत का? (ठाणे)

ढोबळमानाने तसेच, पण पायऱ्या वेगळ्या आहेत आणि फरक नेमका तिथेच पडतो. रॉयल कॅरिबियन ग्रुप 5 रात्रींपर्यंत 50, 6 ते 9 रात्रींना 100, 10 ते 13 रात्रींना 200 आणि 14 किंवा जास्त रात्रींना 250 डॉलर देतो. नॉर्वेजियनमध्ये 6 दिवसांपर्यंत 50, 7 ते 14 दिवसांना 100, आणि 250 साठी 15 दिवस लागतात. म्हणजे 12 रात्रींची सफर असेल तर रॉयलवर 200 आणि बाकी दोन्हीकडे 100. बरोबर 14 रात्रींची असेल तर नॉर्वेजियनचे 100 आणि उरलेल्या दोघांचे 250. अट तिन्हीकडे 100 शेअर्सचीच.

सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरी आपल्याकडे लोकप्रिय आहेत. त्यांच्यावर रॉयलकडून मिळतात ते 50 डॉलर.

एक बारकावा. पाठोपाठच्या एकेका आठवड्याच्या दोन सफरी वेगवेगळ्या बुकिंग क्रमांकांवर घेतल्या तर अर्जही दोन, आणि रक्कम 100 अधिक 100. तोच प्रवास 14 दिवसांची एकच सफर म्हणून विकला जात असेल आणि तुम्ही तसा घेतला असेल, तर कार्निव्हलच्या तक्त्याने 250. भाड्यात फरक नसेल तर बुकिंगच्या वेळीच हे विचारून घ्या.

प्रश्न : शेअर्स असूनही माझा अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीत, तेही न समजणारे. काय चुकले असेल? (बे एरिया)

कंपनीचे नाव आणि ती ओळ तुम्ही पत्रात दिलेली नाही, त्यामुळे नेहमी जिथे घोडे अडते त्या जागा सांगतो.

पहिली जागा नावाची. पासपोर्टवर आणि तिकिटावर पूर्ण नाव, ब्रोकरकडे नुसती आद्याक्षरे आणि आडनाव. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असल्याने हा घोळ हमखास होतो. अर्जात दोन्ही रूपे लिहून खुलासा करावा.

दुसरी संख्येची. हप्त्याहप्त्याने रक्कम भरून शेअर्स घेणाऱ्यांकडे 99.7 असे आकडे दिसतात. 99.7 म्हणजे 100 नव्हेत. क्रूझ कंपन्यांचे शेअर्स असलेला म्युच्युअल फंड किंवा ईटीएफही चालत नाही.

तिसरी, ज्याच्या नावावर शेअर्स आहेत तो जहाजावरच नसणे. सासऱ्यांच्या नावावरच्या शेअर्सवर सुनेला क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायची ही रक्कम, मिळत नाही.

चौथी लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. भाडे उतरले म्हणून एजंटने जुने बुकिंग रद्द करून नवे केले. बुकिंग क्रमांक बदलला आणि मंजूर झालेले क्रेडिट जुन्या क्रमांकावरच राहिले. म्हणून शेवटचा हप्ता भरून झाल्यावर, सगळे स्थिर झाले की मगच अर्ज करणे बरे. हा हप्ता बहुधा अडीच-तीन महिने आधी भरावा लागतो, त्यामुळे 3 आठवड्यांच्या मुदतीला अवकाश भरपूर राहतो.

पाचवी, फुकटचा किंवा खास उतरवलेल्या दराचा प्रवास. कर्मचारी आणि एजंट यांचे सवलतीचे दर यात येतात, आणि कॅसिनोने दिलेली फुकट केबिनही. कार्निव्हलच्या अटींत हे स्पष्ट लिहिले आहे. सेलमध्ये सर्वांसाठी उतरवलेले भाडे मात्र यात मोडत नाही.

प्रश्न : एजंटने 75 डॉलरचे क्रेडिट दिले होते, शेअर्सचे 100 मिळाले. शेवटी 60 डॉलर उरले आणि बुडाले. ते परत मिळायला नको का? (नाशिक)

ऑनबोर्ड क्रेडिट दोन जातींचे असते. परत मिळणारे आणि परत न मिळणारे. पहिल्या जातीतली उरलेली रक्कम हिशेब मिटताना कार्डावर किंवा रोख येते. दुसऱ्या जातीतली शेवटच्या रात्री शून्य होते. शेअरधारकांचे क्रेडिट दुसऱ्या जातीतले : त्याचे रोखीत रूपांतर होत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि कार्निव्हलच्या अटींप्रमाणे ते कॅसिनोत किंवा खात्यावर लागणाऱ्या टिपमध्येही वापरता येत नाही. एजंटचे क्रेडिट कोणत्या जातीचे, ते त्याने कसे दिले यावर ठरते. त्यालाच विचारावे, तेही लेखी.

खरा तोटा टिपच्या या अटीमुळे होतो. बहुतेकांना वाटते, क्रेडिट टिपमध्ये जिरेल. टिपची रक्कम लहान नसते. माणशी रोज 18.50 डॉलरचा दर धरला तर दोघांचे सात रात्रींचे 259 डॉलर होतात. पण शेअर्सच्या क्रेडिटने ते भागणार नाहीत असे समजूनच चाला आणि दुसऱ्या दिवशीच जहाजाच्या ॲपमध्ये किंवा गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर खाते उघडून बघा. प्रत्येक क्रेडिट वेगळ्या ओळीत दिसते. शेअर्सची ओळ दिसत नसेल तर मंजुरीची ईमेल तिथेच दाखवायची. ती फोनमध्ये उतरवून ठेवा, समुद्रात इंटरनेट विकत घ्यावे लागते.

खर्च कशावर करावा? पेयांवर 18 टक्के सेवाशुल्क लागत असेल तर 14 डॉलरचा ग्लास 16.52 ला पडतो, म्हणजे 100 डॉलरमध्ये सहाच ग्लास. त्यापेक्षा एखादी किनारासहल (बंदरावर उतरून केलेली सहल), विशेष रेस्टॉरंटमधले एक जेवण किंवा इंटरनेट, असे काहीतरी जे तुम्ही एरवीही घेतलेच असते, त्यावर लावावे. क्रेडिट आहे म्हणून शेवटच्या संध्याकाळी घड्याळ घेणारे लोक 100 डॉलर वाचवायला 240 खर्च करतात.

किनारासहलीत एक मेख आहे. हवामानामुळे बंदर वगळले गेले की कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात, पण ज्या खिशातून गेले त्याच खिशात. परत न मिळणाऱ्या क्रेडिटने भरले असतील तर ते पुन्हा तसेच क्रेडिट होऊन येतात. वगळलेले बंदर शेवटचे असेल, तर हाताशी एक संध्याकाळ राहते. शिवाय जहाज धक्क्याला लागले की वरची ड्यूटी-फ्री दुकाने बंद असतात. म्हणून क्रेडिट पहिल्या-दुसऱ्या बंदरातल्या सहलीवर लावा, शेवटच्या बंदराच्या भरवशावर ठेवू नका.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. दरवर्षी एक क्रूझ होते. या सवलतीसाठी 100 शेअर्स घ्यावेत का? (पुणे)

फक्त सवलतीसाठी? नाही.

हिशेब मांडू. एक शेअर 25 डॉलरचा असेल तर 100 शेअर्सना 2,500 लागतात. वर्षाला सात दिवसांची एक सफर, 100 डॉलर क्रेडिट, म्हणजे 4 टक्के. आकडा बरा दिसतो. शेअर 280 डॉलरचा असेल तर गुंतवायचे 28,000 आणि मिळायचे तेच 100. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यातही हे 4 टक्के मुद्दल शाबूत राहिले तर. 2020 च्या सुरुवातीला कार्निव्हलचा शेअर 50 डॉलरच्या आसपास होता. साथीत जहाजे धक्क्याला लागली आणि त्याच एप्रिलमध्ये कंपनीने पैसे उभे करायला नवे शेअर्स 8 डॉलरला विकले. 5,000 डॉलरचे 800. ती तूट 100 डॉलरच्या क्रेडिटने भरून काढायला 42 सफरी लागतील. या धंद्यात इंधन, कर्ज आणि रिकाम्या केबिन हे तिन्ही एकदम अंगावर येऊ शकतात.

तरीही धंदा समजून, किंमत पटून घ्यायचेच असतील तर भारतातून पैसे एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली जातात. मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. शेअर्ससाठी पाठवलेली रक्कम वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या भागावर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. समजा डॉलर 90 रुपये आणि वरचे 28,000 डॉलर पाठवायचे. रक्कम 25.20 लाख, त्यातले 15.20 लाख मर्यादेबाहेर, टीसीएस 3.04 लाख. तो बुडत नाही, आयकरात वळता होतो किंवा परतावा मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

विवरणपत्र आयटीआर-1 मध्ये भरता येत नाही. परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, आणि त्यात आर्थिक वर्ष नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर असे कॅलेंडर वर्ष धरतात. इथे भले भले चुकतात. जमीनजुमला सोडून बाकीची परदेशी मालमत्ता 20 लाखांच्या वर असेल आणि ती दाखवली नाही, तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो. 50 डॉलरच्या हौसेपायी हे लोढणे गळ्यात घ्यायचे का, ते तुमचे तुम्ही ठरवा.

आणि विकण्याची घाई असणाऱ्यांसाठी : अर्जाच्या दिवशीचा उतारा खरा असला पाहिजे. अर्जापुरते घेऊन लगेच विकण्यात नियमापेक्षा बाजाराचाच धोका मोठा आहे. दोन दिवसांत 100 शेअर्स एका डॉलरने घसरले की क्रेडिट गेलेच.

प्रश्न : शेअर्सऐवजी एकाच कंपनीने पुन्हा पुन्हा गेलो तर? निष्ठावंतांना म्हणे फुकट पेये मिळतात. (सिंगापूर)

मिळतात, पण वाट लांबची आहे. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटी या निष्ठावंतांच्या योजनेत रात्रीमागे 1 गुण, स्वीटमध्ये (मोठ्या, महागड्या केबिनमध्ये) 2. केबिनचे एकट्याने पूर्ण जादा भाडे भरणाऱ्यालाही रात्रीमागे 1 गुण अधिक. 3 गुणांवर गोल्ड, 30 वर प्लॅटिनम, 55 वर एमराल्ड, 80 वर डायमंड, 175 वर डायमंड प्लस आणि 700 वर पिनॅकल. दखल घेण्यासारखे काही सुरू होते ते डायमंडपासून : रोज चार पेयांची व्हाउचर्स, प्रत्येक 14 डॉलरपर्यंतचे. सिंगापूरच्या चार रात्रींच्या सफरी करून साध्या केबिनमधून 80 गाठायला 20 सफरी. त्याआधी हाती लागते ते किरकोळ. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोला दोघांतला वरचा दर्जा मिळतो, एवढे मात्र आधीच नोंदवून घ्या.

प्रिन्सेसचा हिशेब वेगळा आहे. तिथे सफरी किंवा दिवस, जे आधी पूर्ण होईल ते धरतात. सर्वात वरचा एलिट दर्जा 15 सफरींनंतर किंवा 150 दिवसांनंतर. छोट्या सफरी करणाऱ्याला हे सोयीचे. एलिटला कपडे धुऊन मिळतात, आणि लांबच्या प्रवासात त्याची किंमत पेयांपेक्षा जास्त वाटते.

वारे मात्र बदलते आहे. कार्निव्हल क्रूझ लाइनने 2025 मध्ये जाहीर केले की दर्जा यापुढे रात्रींवर नव्हे, खर्चावर ठरेल. तेव्हा दहा वर्षांनी मिळणाऱ्या दर्जासाठी आज महागडे तिकीट घेऊ नका. दोन कंपन्यांचे भाडे सारखे असेल तेव्हाच निष्ठा दाखवावी.

शेअर्सचे क्रेडिट आणि निष्ठेचा दर्जा हे दोन वेगळे हिशेब आहेत, एकामुळे दुसरे जात नाही. पण काही खास भाड्यांच्या अटींत ‘इतर सवलतींसोबत नाही’ असे लिहिलेले असते. ती ओळ तिकीट घेण्याआधी शोधा.

प्रश्न : एमएससी, डिस्ने किंवा आपल्या मुंबई-गोव्याच्या कॉर्डेलियाचे शेअर्स घेतले तर? (डोंबिवली)

एमएससी एका कुटुंबाच्या खासगी मालकीची आहे, तिचे शेअर्स बाजारात मिळत नाहीत. डिस्नेचे मिळतात, पण त्यांवर जहाजात क्रेडिट नाही. कॉर्डेलिया चालवणाऱ्या वॉटरवेज लेझर टुरिझमने 2025 मध्ये आयपीओसाठी सेबीकडे मसुदा दिला. तिथे अर्ज करायचा असेल तर मसुद्यातले कर्ज आणि जहाजाच्या भाडेकराराची पाने वाचून करा, सवलतीच्या आशेने नको.