कुलूप बदलायच्या आधी हे वाच

बाळा,

काल रात्री तू म्हणालीस की शनिवारी तुझ्या फ्लॅटमधला भाडेकरू कामावर गेला की चावीवाल्याला घेऊन जाते आणि कुलूपच बदलून टाकते. मी तेव्हा फक्त थांब एवढंच म्हणाले, कारण तू रडत होतीस आणि रडणाऱ्या माणसाला कायदा सांगून उपयोग नसतो. आता शांतपणे वाच. कुलूप बदलायचं नाही, पाणी बंद करायचं नाही, लाईट तोडायची नाही. चार महिन्यांचं भाडं त्याने थकवलंय, फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता तुझ्या पगारातून जातोय, चूक शंभर टक्के त्याची आहे, पण ज्या दिवशी तू कुलूप बदलशील त्या दिवसापासून कागदावर चूक तुझी दिसायला लागेल. पाणी-वीज तोडायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मध्ये सरळ मनाई आहे. आणि कोणाला जबरदस्तीने बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, त्या दाव्यात जागेचा मालक कोण हे बघतच नाहीत. म्हणजे तुझ्याच फ्लॅटमध्ये तो ऑर्डर घेऊन परत येणार.

मला हे का माहीत आहे ते सांगते. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून मी वन बीएचके घेतला, भाड्याने दिला, पहिल्या वर्षी ॲग्रीमेंट रीतसर रजिस्टर केलं. दुसऱ्या वर्षी एजंट म्हणाला मॅडम नोटरी करू, स्वस्तात होतं, मी हो म्हणाले. तिसऱ्या वर्षी तेही नाही, माणूस चांगला आहे, भाडं वेळेवर येतंय, कशाला उगाच धावपळ. 2017 च्या दिवाळीनंतर भाडं थांबलं. 2018 मध्ये केस टाकली तर तो म्हणाला मी लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, नाहीच, मी कायमचा भाडेकरू आहे, आमचं तोंडी ठरलंय. आणि त्याच कायद्याचं कलम 55 असं आहे की करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, केला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरतात, खोटं आहे हे तू सिद्ध कर. स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरात रजिस्ट्रेशनचे 1000 रुपये, एवढ्या पैशांसाठी माझी तीन वर्षं गेली.

तारखा कशा असतात ते पण ऐक, नाहीतर पहिल्या दोन तारखांनाच तू खचशील. सकाळी साडेदहाला पोळीभाजीचा डबा घेऊन जायचं, बोर्डावर आपला नंबर शोधायचा, एकेचाळीस. बाकावर जागा नाही म्हणून जिन्यात बसायचं पण फार लांब नाही, पुकारा ऐकू आला पाहिजे. तीन वाजता पुकारा झाला, समोरच्या वकिलांनी अर्ज दिला, पक्षकार आजारी आहे, दोन मिनिटांत पुढची तारीख, दीड महिन्यानंतरची. त्याच संध्याकाळी मी सोसायटीत मेंटेनन्स भरायला गेले तर हा खाली मुलांबरोबर क्रिकेट खेळत होता. मी काही बोलले नाही, घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. मग मार्च 2020 ला सगळंच बंद पडलं. ताबा मिळाला 2021 मध्ये, तेव्हा लाईट बिलाची थकबाकी माझ्या नावावर आणि सिंकखालचा पाईपसुद्धा त्याने काढून नेला होता, नळ सोडला तर पाणी सरळ फरशीवर.

तुझी गोष्ट वेगळी आहे, म्हणून मला तुझी आशा आहे. तुझं ॲग्रीमेंट ऑनलाइन रजिस्टर झालंय, दोघांचे अंगठे आहेत, राहण्यासाठीच दिलंय (दुकान असतं तर रस्ता वेगळा) आणि पुढच्या महिन्याच्या 30 ला मुदत संपतेय. मुदत संपून जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा केसेससाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. ते पैसे हातात पडतील या भरवशावर हप्त्याचं गणित मांडू नको, पण मागायचे नक्की. समन्स बजावल्यावर 30 दिवसांत त्याने शपथपत्र देऊन केस लढवायची परवानगी मागायची असते, नाही मागितली तर तुझं म्हणणं मान्य धरतात. म्हणून सगळा खेळ समन्स बजावण्यात आहे, बहुतेक उशीर तिथेच होतो. त्याचा गावचा पत्ता, ऑफिसचा पत्ता, फोन, ईमेल, सगळं अर्जात दे आणि समन्स निघालं का, बजावलं का, हे दर आठवड्याला स्वतः जाऊन विचार, वकिलावर सोडू नको. निकालावर अपील नाही पण 90 दिवसांत रिव्हिजन, म्हणजे निकाल वरून तपासून घ्यायचा अर्ज, करता येते, तेवढा वेळ मनात धरून ठेव.

त्याचे "मॅडम पुढच्या महिन्यात देतो" वाले मेसेज डिलीट करू नको, ती त्याची कबुली आहे. नोटिशीचा लिफाफा "घर बंद" शेरा मारून परत आला तर फोडू नको, तसाच ठेव. आणि 30 तारखेनंतर त्याने एक रुपया जरी टाकला तर लगेच लेखी कळव की हे भाडं म्हणून नाही, नुकसानभरपाई म्हणून घेतेय. मी हेच केलं नव्हतं.

एक मात्र कर, केस टाकायच्या आधी एकदा त्याच्याशी बोल, एकटी नको, भावाला घेऊन जा. खरंच नोकरी गेली असेल तर माणूस लाजेनेही फोन उचलत नाही, तसंही मी पाहिलंय. अमुक तारखेला जागा रिकामी केलीस तर दोन महिन्यांचं भाडं सोडते असं म्हण, डिपॉझिट उरलेल्या थकबाकीत आणि लाईट बिलात वळतं कर, पण सह्या झाल्याशिवाय आणि चावी हातात आल्याशिवाय नाही. दोन महिन्यांचं भाडं गेलं तर तुला वाईट वाटेल, मला कळतं, पण जिन्यात बसून काढलेले दिवस त्याहून महाग पडतात गं.

रविवारी नऊला ये. ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), पोलिसांना दिलेल्या भाडेकरू माहितीची पावती, बँकेचं स्टेटमेंट आणि लाईट बिलं आण, नोटीस आपण इथेच बसून लिहू आणि सोमवारी वकिलांना दाखवू. नाश्ता करून येऊ नकोस.

तुझी मावशी