मानेखालचा आधार वापरूनही डोकं दुखतं

प्रश्न : दुपारनंतर डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं. डॉक्टरांनी ताणाची डोकेदुखी असल्याचं सांगितलं. मानेखाली ठेवायचा फोमचा आधार आणला, पण १५ मिनिटं पडून राहिलं की दुखणं वाढतं. असं का?

उत्तर : बहुधा आधार तुमच्या मानेला उंच होतोय. कवटीचा मागचा भाग आणि मानेचे पहिले दोन मणके यांच्यामध्ये लहान स्नायूंच्या चार जोड्या असतात. हनुवटी पुढे काढून तासन्‌तास बसलं की ते आखडतात. मानेच्या वरच्या नसा आणि कपाळाकडची नस यांचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून आखडलेली मान कपाळातही दुखते. आधार उंच असला की हनुवटी वर जाते आणि जे स्नायू सैल व्हायला हवेत तेच आणखी आवळतात.

आधी टॉवेलची गुंडाळी करून पाहा. जाडी साधारण ५ सेंमी ठेवा. जमिनीवर चटई घालून उताणं झोपा, गुडघे वाकवा. गुंडाळी मानेच्या खोलगट भागात हवी, डोक्याखाली नको. डोक्याचा मागचा भाग चटईला टेकलेला राहू द्या. आता हनुवटी कपाळापेक्षा वर आहे का, हे कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. वर असेल तर एक वेढा कमी करा. पहिले काही दिवस ५ मिनिटंच पडा, त्रास झाला नाही तर १० करा. त्यावर झोपी जाऊ नका. उठताना कुशीवर वळून उठा.

याने स्नायू तेवढ्यापुरते सैल होतात. बसण्याची पद्धत तीच राहिली तर दुखणं परत येणारच. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा.

प्रश्न : मग दिवसभर कॉलर लावली तर?

उत्तर : नको. या दुखण्यात तिचा उपयोग नाही, उलट मानेचे स्नायू दुबळे होतात.

मानेला नुकताच मार लागला असेल, हाडं ठिसूळ असतील, संधिवात असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर कुठलाही आधार तपासणीनंतरच वापरा. महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा, कारण त्या गोळ्यांमुळेही डोकं दुखत राहतं. अचानक, क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, तापासोबत ताठ झालेली मान, बोलण्यात अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालयात जा.