सुरुवात टायरपासून करा

प्रश्न : मी आयटीआय फिटर आहे, कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आल्प्समधल्या स्की-लिफ्टवर मेकॅनिक व्हायचं आहे. स्टेशनात दोर सोडून पुन्हा दोर धरणाऱ्या खुर्च्यांचं काम शिकताना आधी काय पक्कं करावं?

उत्तर : टायर, म्हणजे स्टेशनात खुर्चीचा वेग कमी-जास्त करणारे. नवा माणूस मोटर आणि गिअरबॉक्सकडे धावतो, पण रोजची डोकेदुखी टायरांची असते.

दोर सेकंदाला 5 मीटर वेगाने पळतो. खुर्ची स्टेशनात शिरली की ग्रिपच्या, म्हणजे दोर धरणाऱ्या पकडीच्या, दांड्यावरचा रोलर तिरक्या रुळाखाली दाबला जातो, स्प्रिंग आवळते, जबडा उघडतो, दोर सुटतो. मग वरच्या टायरांची रांग ग्रिपच्या पट्टीवर टेकून खुर्चीचा वेग सेकंदाला साधारण 1 मीटरवर आणते. बाहेर जाताना पुढची रांग तो पुन्हा 5 वर नेते. शेजारचे टायर बेल्टने जोडलेले असतात, पुलींच्या व्यासात थोडा थोडा फरक ठेवून.

आता शेवटच्या टायरचा व्यास 2 टक्के घटला, तर खुर्ची दोरापेक्षा सेकंदाला 10 सेंटिमीटर मागे पडते. जबडा मिटताना हिसका बसतो, दोराच्या तारा घासतात. बाहेर पडणारी खुर्ची नेहमीपेक्षा जास्त मागे झुलली तर टायर मंद आहेत असं समजा. हिसका खाऊन पुढे गेली तर उलटं. हवा थंडीत, सकाळीच मोजा. 20 अंशांना 3 बार भरलेला टायर उणे 10 अंशांना 2.6 च्या आसपास दाखवतो, तेही कुठे गळती नसताना.

बेल्ट तुटला तर त्याच्यापुढचे टायर फिरायचे थांबतात. चौघांची खुर्ची, तासाला 2400 माणसं, म्हणजे दर 6 सेकंदांना एक: दोरावर 30 मीटर अंतर, पण 1 मीटरच्या वेगात फक्त 6. एक खुर्ची अडली की मागची येऊन थडकायला वेळ लागत नाही; म्हणून अंतर मोजणारे सेन्सर लिफ्ट थांबवतात.

प्रश्न : ग्रिपच्या दाबाचा अलार्म सारखा वाजतो. गर्दीच्या दिवशी तो बायपास करून चालवतात का?

उत्तर : नाही. आधी खुर्चीचा नंबर लिहून ठेवा. दर वेळी तोच नंबर असेल तर दोष ग्रिपमध्ये: मोडलेली स्प्रिंग, सुकलेला बुश. ती खुर्ची बाजूच्या रुळावर घ्या. नंबर बदलत असतील तर दाब मोजणारी पट्टी, तिच्यावरचा बर्फ किंवा सेन्सरची वायर बघा. ग्रिप खोलताना स्प्रिंग उत्पादकाच्या प्रेस-टूलनेच सोडवा, पहारीने कधीच नाही. जबड्यातली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी असते, म्हणजे चुंबक आणि लोहकण वापरून चीर शोधणं.

कारखान्याची एक सवय मात्र इथे घात करते. मेन स्विच बंद करून कुलूप घातलं म्हणजे दोर थांबला, असं नाही. चढणीच्या बाजूला माणसं भरलेली असतील तर वजनानेच दोर उलटा फिरू शकतो. बुलव्हीलवरचा, म्हणजे दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकावरचा, ब्रेक लागलाय हे बघितल्याशिवाय दोराला हात लावू नका.

प्रश्न : प्रशिक्षण कुठे मिळतं?

उत्तर : स्वित्झर्लंडमध्ये ‘सैलबान-मेकाट्रॉनिकर’ (रोपवे-मेकॅनिक) ही 4 वर्षांची उमेदवारी आहे, तिचं प्रशिक्षण केंद्र माइरिंगेनला. ऑस्ट्रियात असाच कोर्स साडेतीन वर्षांचा. तिथे जर्मन लागतंच. आपल्याकडे या जातीचं यंत्र बघायचं तर गुलमर्गचा गोंडोला. पहिला टप्पा 1998 चा, फ्रेंच कंपनी पोमागाल्स्कीचा. तिथेही दोर सुटतो, धरतो. रांगेत उभे असाल तेव्हा डोक्यावरच्या टायरांकडे बघा.